कोरा नमुना

मणी धुताना सरांचं नख कशात तरी अडकलं. अडकलं म्हणजे फार काही नाही, गुळगुळीत भिंतीवरून हात फिरवताना एखादी भेग लागावी तेवढंच. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण तो मणी सर अकरा वर्षं आपल्या हाताने धूत आले होते आणि त्याच्यावर अडकण्यासारखं काही नसतं हे त्यांच्या बोटांना पाठ होतं. त्यांनी नळ बंद केला. मणी आधी चष्म्याखाली, मग चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ, मग खिडकीच्या उजेडात धरला. करंगळीच्या दोन पेरांएवढा, पांढरा, दोन्ही टोकांना गोल, औषधाच्या कॅप्सूलसारखा. आत चुंबक आणि वर ज्याला काही म्हणता काही चिकटत नाही असं निसरडं कवच. असा मणी चंबूच्या तळाशी टाकायचा आणि चंबू यंत्रावर ठेवायचा. यंत्राच्या पोटातलं चुंबक खाली फिरू लागलं की वर चंबूत मणी फिरतो आणि आतलं सगळं ढवळून निघतं. दांडा नको, हात घालायला नको. त्या मण्याच्या एका टोकाशी केसाएवढी चीर होती, आणि चिरेच्या तोंडाशी खसखशीच्या दाण्याहून लहान असा तांबूस ठिपका. सरांनी तो अंगठ्याने पुसला. पुसला गेला नाही. पुन्हा पुसला. मग त्यांच्या पोटात, जेवण होऊन अर्धा तासही झाला नव्हता तरी, खड्डा पडला.

भीती आधी पोटात येते आणि तिचं कारण मागाहून, धापा टाकत जिना चढून येतं, असा सरांचा बासष्ट वर्षांचा अनुभव होता. कारण वर पोचायच्या आत त्यांनी मणी रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात टाकला आणि दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. शुक्रवारची दुपार, पलीकडच्या खोलीत कुणीतरी शीळ घालत बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होतं. आपण दाराकडे का पाहिलं, हे सरांना स्वतःलाच विचारावंसं वाटलं, पण विचारलं तर उत्तर मिळेल म्हणून त्यांनी विचारलं नाही. ते स्टुलावर बसले. बसल्या बसल्या कारण वर आलं, आणि ते मुंगीच्या आवाजात आलं.

मुंगी म्हणजे सरांची जुनी विद्यार्थिनी. अंगाने एवढीशी, सदा काहीतरी उचलून कुठेतरी नेत असायची, म्हणून सगळ्या प्रयोगशाळेने तिला ते नाव ठेवलं होतं. आता चाळिशीला आली होती, दुसऱ्या गावी तिची स्वतःची प्रयोगशाळा होती, तरी फोनवर ती ‘सर, मुंगी बोलतेय’ असंच म्हणायची. कालही तसंच म्हणाली होती. “सर, माझ्याकडे होत नाही,” मग ती म्हणाली. “तीन वर्षं झाली. सगळं तुमच्यासारखं करते. तोच पॉलिमर, तेच कोबाल्ट, तेच थेंब. ढवळायला तर काचेचा पंखा घेतलाय, तुमच्या त्या मण्याची उगाच भानगड नको म्हणून. तरी फिल्म मेलेलीच निघते. जे मी तुमच्याकडे या हातांनी केलं ते आता या हातांना येत नाही.” सर म्हणाले होते, “येईल, येईल.” ती म्हणाली, “या महिनाअखेरीस माझं काम तपासायला समिती बसणार आहे. त्यातले एक जण मला तोंडावर म्हणाले, बाई, काम तुमच्या सरांचं होतं, तुम्ही नुसती भांडी धूत होता. मी सोमवारी येते. तुमच्यासमोर बसून करते. तुम्ही काही करू नका, माझा हात कुठे चुकतो तेवढं बघा.” फोन ठेवल्यावर सरांना तिची कीव आली होती आणि, खोटं कशाला बोला, किंचित बरंही वाटलं होतं. काचेचा पंखा हे शब्द काल कानावरून गेले होते. आज ते आत शिरले.

सरांचं आयुष्य ज्या कामात गेलं ते सांगायला सोपं होतं. कोबाल्टचं मीठ पाण्यात विरघळवलं की पाणी गुलाबी होतं. त्यात पॉलिमर मिसळायचा, तो गोंदासारखा दाट असतो. चंबूत नायट्रोजन सोडून हवा हाकलून द्यायची, कारण हवा लागली की पुढचं सगळं गंजून जातं, आणि मग दुसरं एक द्रव्य थेंब थेंब सोडायचं. काही वेळ काहीच होत नाही, आणि मग एका थेंबाला गुलाबी रंग काळवंडतो. मिठात अडकलेला धातू सुटतो आणि त्याचे कण जमू लागतात. मोकळे सोडले तर ते एकमेकांना बिलगून त्यांचे गोळे होतील, पण भोवती पॉलिमरची जाळी असते आणि ती एकेकाला आपापल्या खोलीत बसवून ठेवते. तो दाट काळा रस काचेवर ओतायचा, मंद भट्टीत वाळवायचा आणि कडेला ब्लेड लावून अलगद सोलायचा. हातात येते ती कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ, कोऱ्या चहाच्या रंगाची फिल्म. तिच्यात इतके बारीक कण की केसाच्या जाडीत हजारोंनी मावावेत. आणि इतक्या बारीक कणांना आठवण नसते. चुंबक जवळ आहे तोवर सगळे त्याच्याकडे तोंड करून उभे राहतात. चुंबक नेलं की नुसत्या खोलीतल्या उबेच्या धक्क्यांनीही विस्कटून जातात, जणू कधी कुणाला ओळखतच नव्हते. हे सगळ्या जगाला माहीत होतं. सरांच्या फिल्ममधले कण मात्र विसरत नव्हते. चुंबक काढून घेतलं तरी दिवसच्या दिवस त्याच दिशेला तोंड करून राहत. सर आणि मुंगी यांनी अकरा वर्षांपूर्वी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दोघं तासभर एकमेकांशी बोलले नव्हते. मग सरांनी लिहिलं की पॉलिमरची पकड इतकी घट्ट आहे की कणांना मान वळवता येत नाही. ते छापून आलं, मुंगीला त्याच्यावर डॉक्टरेट मिळाली, ठिकठिकाणच्या लोकांनी करून पाहिलं. काहींना जमलं, पुष्कळांना जमलं नाही. ज्यांना जमलं नाही ते पत्रात लिहीत, तुमच्या हाताला काही गुण आहे. हातगुण वैद्याला असावा, बी पेरणाऱ्याला असावा. प्रयोगाला हातगुण लागत असेल तर त्या प्रयोगात कुठेतरी पाणी मुरतंय, हे सर पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत आले होते. पण स्वतःविषयी कुणी तसं लिहिलं की ते पत्र दोनदा वाचत.

आता त्यांना वाटलं, आठवण कणांना नव्हती, मण्याला होती. रोज तासन् तास चंबूच्या काचेवर घासत फिरताना चिरेतून चुंबकाची पूड झडत असेल, डोळ्यांना न दिसेल एवढीशी, आणि त्या विसराळू कणांच्या घोळक्यात तिचे चार खरखरीत, जाडेभरडे कण जाऊन बसत असतील. चुंबकत्व मोजणाऱ्या मोठ्या यंत्राला काय, कोण आठवतंय हे कळत नाही, कुणीतरी आठवतंय एवढंच कळतं. पण तसं असतं तर कोऱ्या नमुन्यात दिसलं असतं. कोरा नमुना म्हणजे सगळं तेच करायचं, फक्त कोबाल्ट घालायचं नाही. त्यात काही सापडलं तर दोष भांड्याचा. कोरा नमुना त्यांनी दर महिन्याला केला होता आणि तो दर महिन्याला स्वच्छ निघाला होता. क्षणभर सरांच्या छातीवरचा धोंडा उतरला. मग त्यांना फडताळ आठवलं. फडताळात दोन खण होते, वरच्यावर त्यांच्याच अक्षरात ‘कोरा’ आणि खालच्यावर ‘कोबाल्ट’. कोऱ्याचा चंबू वेगळा, ब्रश वेगळा, मणी वेगळा. कोऱ्याला विटाळ नको, एक कणसुद्धा इकडचा तिकडे जाता कामा नये, हा नियम सरांनीच केला होता आणि तो मोडला म्हणून मुंगीला एकदा रडेपर्यंत बोलले होते. अकरा वर्षं त्यांनी इतक्या निगुतीने स्वच्छता पाळली होती की घाण सापडायची एकमेव जागा त्यांनी स्वतःच धुऊन ठेवली होती.

घरी आल्यावर बायकोने त्यांच्याकडे न बघताच विचारलं, “काय झालं?” सर म्हणाले, “काही नाही.” “काही नाही झालं की तुम्ही बूट उलटे काढून ठेवता,” ती म्हणाली. सरांनी बूट सरळ केले. “सोमवारी मुंगी येतेय,” ते म्हणाले. बायकोचा चेहरा उजळला. “जेवायला घरी आणा तिला. बारीक झाली असेल, तिकडे कोण बघतंय तिच्याकडे.” “तिला जमत नाहीये ते.” “मग जमवून द्या. तुमच्या हाताला गुण आहे म्हणे, सगळं जग सांगतं. आमच्या मोरीच्या नळाला तेवढा काही आला नाही.” एरवी सर यावर हसले असते. आज ते आपले हात मांडीवर ठेवून बघत बसले, आणि हात असे ठेवून बसलेला माणूस आपण यापूर्वी कुठे पाहिलाय हे त्यांना माहीत असूनही त्यांनी त्या आठवणीला दाराबाहेर उभं ठेवलं.

शनिवारी प्रयोगशाळेत फारसं कुणी नसतं. सरांनी दार आतून लावलं, मग ते बरं दिसणार नाही म्हणून उघडलं, मग लोटून घेतलं. कोऱ्या खणातला चंबू काढला आणि त्यात खिशातला, खालच्या खणाचा मणी टाकला. टाकताना काचेवर जो आवाज झाला त्याने ते दचकले. अकरा वर्षांत हा मणी या चंबूत कधी पडला नव्हता. पाणी, पॉलिमर, नायट्रोजन, आणि मग थेंब. गुलाबी काही नव्हतं, म्हणून काळवंडायलाही काही नव्हतं. पाण्यासारखा स्वच्छ रस खालच्या भोवऱ्याभोवती गरगरत होता आणि सर त्याच्याकडे असे बघत होते की जणू त्यातून कुणीतरी त्यांचं नाव घेणार आहे. दोन तासांनी त्यांनी तो काचेवर ओतून भट्टीत ठेवला. मग दुसऱ्या नव्या चंबूत, पाकिटातला कोरा करकरीत मणी घेऊन, तेच सगळं पुन्हा केलं. एकावर विश्वास ठेवायचा नाही, जोडीला दुसरा हवा, ही सवय भीतीतही सुटली नव्हती. दोन्ही वाळायला तीन तास लागणार होते. तीन तास माणसाला बसायला सांगितलं की बाहेर उभं ठेवलेलं सगळं आत येतं.

सरांचे वडील घड्याळं दुरुस्त करत. रस्त्याकडच्या खोलीत काचेचं टेबल, डोळ्याला लावायची भिंगाची नळी, आणि खणात कागदाच्या पुड्यांतून ठेवलेल्या केसासारख्या बारीक स्प्रिंगा. वडिलांचे हात इतके स्थिर की आई म्हणायची, भूकंप झाला तर यांच्या टेबलाखाली जाऊन बसा. नऊ वर्षांच्या त्या मुलाला एका मोडक्या रेडिओच्या कर्ण्यातलं चुंबक सापडलं होतं. घड्याळांजवळ आणायचं नाही असं त्याला सांगितलेलं होतं की नव्हतं हे आता सरांना आठवत नव्हतं. कधी वाटे होतं, कधी वाटे नव्हतं. एवढं आठवत होतं की दुपारी वडील झोपले असताना त्याने चुंबक खणात धरलं आणि पुड्यांतल्या स्प्रिंगा, चिमटे, इवलेसे स्क्रू सगळे जिवंत झाल्यासारखे उठून उभे राहिले. त्यापेक्षा सुंदर काही त्याने तोवर पाहिलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात एका डॉक्टरांचं घड्याळ दिवसाला तासभर पुढे धावू लागलं. मग एका मास्तरांचं. वडील उघडत, साफ करत, तेल देत, बंद करत. घड्याळ पुन्हा पुढे धावे. स्प्रिंगेची वेटोळी एकमेकांना चिकटत होती, पण ते दिसण्यासारखं नव्हतं. डॉक्टर तिसऱ्यांदा आले तेव्हा वडिलांना म्हणाले, आता वय झालं तुमचं. त्या दिवशी पडद्यामागे उभ्या असलेल्या मुलाने वडिलांना आईशी बोलताना ऐकलं, “माझाच हात कापतोय बहुतेक. मला कळत नाहीये.” वडील तेव्हा शेहेचाळीस वर्षांचे होते. मुलाने चुंबक गटारात टाकलं आणि तोंड उघडलं नाही. वर्ष संपायच्या आत वडिलांनी बारीक काम सोडलं. मग ते पट्टे विकायचे, काचा बदलून द्यायचे आणि बाकीचा वेळ ते चांगले धडधाकट हात मांडीवर ठेवून रस्त्याकडे बघत बसायचे. अशी अठरा वर्षं.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर सर ती विसरलेही असते. पण ते कॉलेजात असताना सुट्टे भाग विकणारा एक फिरता माणूस वडिलांना छोटं होकायंत्र देऊन गेला. घड्याळ उघडायच्या आधी हे जवळ धरायचं, म्हणाला, सुई हलली तर घड्याळाला चुंबक लागलंय. वडिलांनी ते आपल्या जुन्या चिमट्याजवळ धरलं. सुई गर्रकन फिरली. वडिलांनी चिमटा बाजूला केला आणि दुसरा धरला, मग खणातली एक पुडी. मग त्यांनी मान वर करून मुलाकडे पाहिलं. किती वेळ, ते सरांना आजही सांगता आलं नसतं. काही बोलले नाहीत. होकायंत्र त्याच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, “तू विज्ञान शिकतोस. ठेव तुझ्याकडे.” चाळीस वर्षं सर ते वाक्य आतून बाहेरून तपासत होते. त्यांना कळलं होतं का? कळलं असेल तर बोलले का नाहीत? आणि आपण, तोपर्यंत एकोणीस वर्षांचा घोडा, आपण तरी का नाही बोललो? आताही ते होकायंत्र टेबलावर होतं. फिल्म मोठ्या यंत्रात पाठवण्याआधी सर ती आधी याला दाखवत, सुई हलली तरच पुढे. परगावहून येणारे लोक या होकायंत्राचं कौतुक करत, सरांची साधी राहणी म्हणून.

भट्टीची घंटा झाली. सरांनी घड्याळ, किल्ल्या, पट्टा काढून पलीकडच्या खोलीत ठेवलं, मणीही रुमालासकट तिकडेच. पँट एका हाताने धरून ते टेबलाशी आले. हे कुणी पाहिलं असतं तर हसलं असतं, पण सरांना हसू येत नव्हतं. नव्या मण्याची फिल्म त्यांनी मोठ्या चुंबकावर मिनिटभर ठेवली, उचलली आणि होकायंत्राजवळ आणली. सुई ढिम्म. मग दुसरी. ही फिल्मसुद्धा तशीच स्वच्छ होती, तिच्यातून टेबलाच्या लाकडाची रेघन् रेघ दिसत होती. तिच्यात कोबाल्ट नव्हतं, काळं काही नव्हतं. अकरा वर्षांत त्यांनी एवढी निर्मळ फिल्म सोलली नव्हती. त्यांनी ती जवळ नेली, आणि सुई वळली. झटका नाही, घाई नाही, ओळखीच्या माणसाने हाक ऐकून मान वळवावी तशी. सरांनी फिल्म उलटी केली. सुई दुसरीकडे वळली. त्यांनी डोळे मिटले, उघडले. सुई तिथेच होती. खोलीत गरम भट्टीचा वास होता.

रविवारी सर फिरायला म्हणून बाहेर पडले. मणी खिशात होता. पुलावर उभं राहून ते खालच्या संथ, मातकट पाण्याकडे बघत होते आणि डोक्यात एक शहाणा, समजूतदार आवाज बोलत होता. मणी पाण्यात गेला की गेला. सोमवारी मुंगी नव्या मण्याने करेल, होणार नाही. सर करतील, त्यांनाही होणार नाही. सर म्हणतील, माझाही हात गेला गं आता, वय झालं. सगळे हळहळतील. कुणावर बालंट नाही. आणि बोललो तर काय होईल? माझं काय, माझी लाकडं स्मशानात गेली. पण मुंगीची डॉक्टरेट त्याच फिल्मवर उभी आहे. तीन वर्षं वाया गेली म्हणून रडते आहे, तिला सांगायचं की अकरा गेली? तिच्या भल्यासाठी तरी गप्प बसावं. आवाज इतका चांगला बोलत होता की सरांचा हात खिशात गेला, रुमालाची गाठ सुटली. तेवढ्यात शेजारून एक बाई लहान मुलाला घेऊन गेली. मुलाने विचारलं, “आजोबा, पाण्यात काय आहे?” आणि सर म्हणाले, “काही नाही.” हा शब्द आपण शुक्रवारपासून किती वेळा उच्चारला हे त्यांच्या मनात आलं. पन्नासहून जास्त वर्षांपूर्वीच्या गटाराचा वास त्यांच्या नाकात आला. त्यांनी मणी परत खिशात टाकला. टाकवत नाही म्हणून, एवढंच. बोलायचं ठरवलं म्हणून नव्हे. रात्रभर त्यांनी काही ठरवलं नाही, आणि सकाळी काहीही न ठरवता, मणी खिशात आणि ती निर्मळ फिल्म एका वहीत घालून, ते कामावर गेले.

मुंगी त्यांच्याआधीच येऊन बसली होती. बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, केसांत एक पांढरी बट, आणि खरंच बारीक झाली होती. “सर, तुम्ही वजन कमी केलंत की शर्ट वाढला?” ती म्हणाली. “तू आरशात बघ,” सर म्हणाले आणि दाराशीच थांबले. दारातून आत यायला त्यांना जमत नव्हतं. “बाईंनी जेवायला बोलावलंय.” “ते कळलं. त्यांचा काल फोन आला होता, म्हणाल्या हे बूट उलटे काढतायत, काय ते बघ जरा.” ती हसली, पण हसणं तोंडावर टिकलं नाही. पाकिटातून तिने एक फिल्म काढली. कोऱ्या चहाचा रंग, कड एकसारखी, कुठे बुडबुडा नाही की सुरकुती. सरांनी आयुष्यात इतकी चांगली फिल्म केली नव्हती. “आमच्या मोठ्या यंत्राला ही मेलेली वाटते,” मुंगी म्हणाली. “म्हटलं, निदान तुमच्या होकायंत्राला विचारावं. ते म्हातारं आहे, दया करेल.” तिने फिल्म चुंबकावर ठेवून उचलली आणि सुईजवळ आणली. सुई हलली नाही. “बघा,” ती हळूच म्हणाली. “ढिम्म.”

सर बघायला पुढे झाले. त्यात विचार काही नव्हता. कुणी फिल्म होकायंत्राजवळ धरली की टेबलावर वाकून डोळे बारीक करायचे, ही अकरा वर्षांची सवय. ते वाकले, आणि सुई वळली.

“सर,” मुंगी म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान झाला होता. “सर, हलली.” ती जागच्या जागी उभी राहिली, फिल्म धरलेला हात तसाच ठेवून. “तीन वर्षांत कधी हलली नाही. बघितलंत? तुम्ही नुसते जवळ आलात आणि हलली. लोक म्हणतात ते उगाच नाही.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायला ती हसत होती. सरांना आपल्या छातीवर, शर्टाच्या खिशात, त्या मण्याचा भार जाणवला. दहा ग्रॅमसुद्धा नसेल. ते सरळ झाले आणि एक पाऊल मागे सरकले. सुई परत फिरली, उत्तरेला जाऊन थोडी थरथरली आणि थांबली. मुंगीच्या चेहऱ्यावरचं सगळं त्या सुईबरोबर परत गेलं. तिने फिल्म पुढे मागे केली, वर खाली केली. मग तिने स्वतःच्या हाताकडे पाहिलं, उलटसुलट, बाजारात एखादी वस्तू पारखून बघावी तसं.

“नाही हो,” ती म्हणाली. “माझाच हात कापला बहुतेक.”

भिंतीला पाठ लागेपर्यंत मागे जायला सरांना जागा होती. मागे पडदा नव्हता, नुसती भिंत होती, आणि तिच्याशी उभं राहिलं तर ती सुई जन्मभर जागची हलली नसती. कानांत वडिलांच्या दुकानातली सगळी घड्याळं एकदम चालू झाली होती, एकाही घड्याळाची वेळ दुसऱ्याशी जुळत नव्हती. असं भ्यायला त्यांना अगदी नऊ वर्षांचं व्हावं लागलं. मग ते एक पाऊल पुढे आले. सुई निघाली. अजून एक. आता सुई फिल्मकडे बघतही नव्हती. तिला ओलांडून, टेबलाची कड ओलांडून, ती सरळ सरांकडे वळली होती. मुंगीने फिल्म खाली ठेवली. सुई वळलेलीच राहिली. मुंगीची नजर सुईच्या टोकापासून हळूहळू वर आली, टेबलाची कड, पट्टा, बटणं, आणि खिशाशी थांबली. ती हुशार होती, नेहमीच होती.

“सर, तुमच्या खिशात काय आहे?”

“मणी,” सर म्हणाले. त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा तो शब्द लहान निघाला. त्यांनी रुमाल काढला, गाठ त्यांना सुटेना, शेवटी ती तशीच सैल केली आणि मणी टेबलावर घरंगळला. “आपला. अकरा वर्षांचा. त्याला चीर गेली आहे. कधी गेली ते मला माहीत नाही. शुक्रवारी कळलं.” आणि मग, जे आणखी कुणाला तरी सांगायचं राहून गेलं होतं तेही सांगून टाकलं, “तुझे हात चांगले आहेत. त्यांना कधीच काही झालं नव्हतं.”

मुंगीने मणी उचलला. खिडकीकडे वळली. चिरेवरून नख फिरवताना ते अडकलेलं सरांना दिसलं. मग बराच वेळ तिची पाठच तेवढी दिसत होती, आणि त्या पाठीवरून सरांना कळत होतं की ती आता एकेक वर्ष मागे मोजत चालली आहे, समिती, प्रबंध, ती पहिली फिल्म, तो न बोललेला तास. ती वळली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. रागावेल, सरांना वाटलं, आणि तिने रागवावं असंही वाटलं. ती बोलली ते प्रयोगशाळेतलं माणूस बोलेल तेच बोलली.

“याने कोरा नमुना केलात?”

“केला.”

“दाखवा.”

सरांनी वही उघडली. दोन पानांमधून ती फिल्म काढली, नितळ, काही न घातलेली. त्यांचा हात इतका कापत होता की फिल्म उजेडात लकाकत, फडफडत होती आणि त्यांना ती टेबलावर ठेवता येईना. मुंगी पुढे आली. तिने दोन बोटांच्या चिमटीत तिची कड धरली, त्यांच्या हातातून ती सोडवून घेतली आणि होकायंत्राकडे नेऊ लागली. तिचा हात जराही कापत नव्हता.